पाटलाच्या हातचा टोला

खडकवाडीच्या आश्रुबा पाटलाला कुणी राम राम घातला, की तो आधी त्या माणसाच्या हातांकडे बघायचा. हात रिकामे दिसले तर हा काहीतरी मागायला आला, आणि हातात काही असलं तर हे देऊन हा दुसरं काय काढून घेणार, अशी त्याची पक्की समजूत. नांदूरघाटच्या बाजारात एकदा त्यानं एक बैल हेरला. दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितला आणि घासाघीस सुरू केली. विकणारा शेवटी वैतागला आणि म्हणाला, "न्या पाटील, तुमी म्हणाल त्या भावात." त्यावर हा म्हणतो, "एवढ्यात कबूल झालास कावून बे? बैलात खोट हाय." आणि दावं तिथंच टाकून तसाच घरी आला. त्याची बायको छबुबाई तोंडाला पदर लावून शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांना देव भेटला तरी पाया पडायच्या आधी इचारतील, तुमाला कुणी धाडलं?"

लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं! आश्रुबाच्या संशयाला मूळ होतं, आणि ते गावाच्या कुरणात होतं.

खडकवाडी बालाघाटाच्या माथ्यावर. मुलूख निजामाचा, पण गावाला लागून गोऱ्या साहेबांची एक छोटी रिसाल्याची छावणी. छावणीचं मैदान आणि गावाचं कुरण यांच्यामध्ये चुना फासलेल्या दगडांची रांग होती. ही रांग पूर्वी पलीकडे, छावणीच्या अगदी अंगाला होती. आश्रुबाचा बाप सुंदरराव पाटील पंचक्रोशीत नावाजलेला घोडेस्वार. तेव्हाच्या साहेबानं त्याला शर्यतीला बोलावलं, पाठीवर थाप मारली, आणि सुंदरराव हुरळला. छावणीतून सुटलेला त्याचा घोडा साहेबाच्या घोड्याला मागं टाकून कुरणाच्या मध्यावर जाऊन थांबला. गावानं फेटे उडवले. पुढच्या वर्षी मोजणी झाली, आणि चुन्याचे दगड उठून नेमके त्या मध्यावर येऊन बसले. घोड्याचा आणि मोजणीचा खरोखर काही संबंध होता का, हे कुणालाच कधी कळलं नाही. पण गावाला तो दिसला, कारण गावाचा रिवाजच तसा होता.

त्या भागात शिवेचं भांडण लागलं की पाटलानं गोफण घ्यायची. पाय रोवून, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हातानं दगड भिरकवायचा. ज्या जमिनीत पाटलाचे पाय, त्या जमिनीची शीव दगड पडेल तिथवर पुढं सरकते. त्यावर फिर्याद नाही की दाद नाही. पाटलाच्या हातून गेलेलं परत येत नाही. आता सुंदरराव निघाला छावणीच्या जमिनीतून आणि थांबला कुरणात. म्हणजे त्यानंच अर्धं कुरण साहेबाच्या पदरात घातलं, असा गावानं अर्थ लावला. म्हातारा त्यानंतर जगला तो मान खाली घालून. उन्हाळ्यात गुरांना चारा पुरेनासा झाला की कुणीतरी टोमणा मारायचंच, आणि आश्रुबा ते ऐकतच मोठा झाला. उरलेलं कुरण आपल्या हयातीत वीतभरही सरकू द्यायचं नाही, ही एक गोष्ट त्यानं उराशी धरली होती. बाकी सगळं गेलं तरी चालेल, पण बापासारखी मान खाली घालायची वेळ नको.

अशात छावणीत कॅप्टन हार्वी नावाचा नवा साहेब आला. पोरगेलासा, उन्हानं लाल झालेला, नाकाची सालं निघालेला. सोबतीला दुसरा गोरा नाही. त्याच्या सामानात एका लांबट कातडी पिशवीत नाना तऱ्हेच्या काठ्या होत्या. संध्याकाळी कवायत संपली की तो मैदानात एकटाच उभा राहून त्या काठ्यांनी एक पांढरा गोळा टोलवायचा, चालत जायचा आणि पुन्हा टोलवायचा. गोल्फ म्हणतात त्याला. खडकवाडीनं त्याचं नाव साहेबाचा विटीदांडू असं ठेवलं.

एके दिवशी तो गोळा दगडांची रांग ओलांडून कुरणात आला आणि आश्रुबाच्या गाईपुढं पडला. आश्रुबानं तो उचलला, दाबून बघितला, वास घेतला आणि धोतराच्या सोग्यात बांधून रांगेपाशी जाऊन उभा राहिला. साहेबाबरोबर दफेदार इब्राहिम होता. हा गेवराईकडचा माणूस, दोन्ही भाषा जाणणारा.

"पाटील, खेळ हाय तो. गोळा देऊन टाका," इब्राहिम म्हणाला.

"आमच्या कुरणात कावून आला?"

"वाऱ्यानं आला."

"आज वाऱ्यानं गोळा आला. उद्या वाऱ्यानं तंबू येतील."

इब्राहिमनं हे साहेबाला सांगितलं. साहेब खो खो हसला, रांगेपाशी आला आणि पिशवीतली एक लोखंडी डोक्याची काठी आश्रुबापुढं धरली. आश्रुबानं आधी काठीकडे बघितलं, मग साहेबाच्या दुसऱ्या हाताकडे. तो रिकामा होता. साहेब आपल्याला खेळायला कशाला बोलावतो, याचा छडा लावायचा तर आत गेलंच पाहिजे, असा विचार करून तो रांग ओलांडून मैदानात गेला. पहिल्या टोल्याला मातीचं ढेकूळ उडालं आणि गोळा जागच्या जागी राहिला. इब्राहिम हसला, पण साहेब हसला नाही. त्यानं पुन्हा दाखवलं. गोळा दोन्ही पायांच्या मधोमध, उजवीकडं जरासा सरकला तरी चालेल. जवळ उभं राहायचं. काठी वरून खाली आणायची, आधी गोळा चेपला जाऊ द्यायचा आणि मग माती.

आश्रुबाला हे उमगायला फार दिवस लागले नाहीत. जन्मभर कुदळ मारलेला माणूस तो. थोड्याच दिवसांत गोळा टणकन उठून साहेब बोट दाखवील तिथं पडायला लागला. एवढ्या दिवसांत मैदानाच्या बाहेर काही जात नव्हतं, सगळा खेळ दगडांच्या अलीकडेच चालायचा, म्हणून आश्रुबाही निर्धास्त होता. निर्धास्त म्हणजे त्याच्या मानानं. घरी तो सांगायचा की आपण साहेबावर नजर ठेवायला जातो. छबुबाई म्हणायची, "नजर ठिवायला जाताना फेटा नवा कशाला लागतो?" खरं सांगायचं तर दिवस कलायला लागला की त्याचे हात शिवशिवायचे.

आणि मग एका संध्याकाळी साहेबानं वेगळीच काठी काढली. लांबलचक दांडा, आणि टोकाला लोखंडाऐवजी गुळगुळीत लाकडाचा गोल मुटका. साहेबानं ओल्या वाळूची चिमटीएवढी ढेप केली, त्यावर गोळा अलगद ठेवला आणि आश्रुबाला कुरणाकडे तोंड करून उभं केलं.

आतापर्यंत शिकवलेलं सगळं त्यानं उलटं करायला लावलं. गोळा मधोमध नाही, पार डाव्या टाचेसमोर. पाय जवळ नाहीत, चांगले फाकवून. गोळ्यापासून लांब उभं राहायचं. वरून खाली मारायचं नाही, मातीला शिवायचंसुद्धा नाही. काठी मागून लांब, सैल फेरा घेत आली पाहिजे आणि खालून वर जाताजाता गोळा उचलून नेला पाहिजे. जोर नको, फेरा हवा.

"कालपर्यंत म्हणत होता चेप," आश्रुबा इब्राहिमला म्हणाला. "आज म्हणतो चेपू नको. खरं कंचं?"

"दोनी खरं. लोखंडाची रीत येगळी, लाकडाची येगळी."

"एका दिसात रीत बदलणारा माणूस..." आश्रुबा एवढंच पुटपुटला.

इब्राहिमला वाटलं, याला समजलं नाही. म्हणून त्यानं समजावून सांगितलं, "पाटील, कुदळ इसरा. गोफण समजा, गोफण."

गोफण! याला गोफणीचं कुणी सांगितलं? त्यानं मान वळवून बघितलं. एक शिपाई हातात तांबडं निशाण घेऊन दगडांच्या पलीकडे, कुरणात चालला होता.

"निशाण कशापायी?"

"गोळा कुठं पडला ते दिसावं म्हणून. न्हाई तर गवतात हरवतो."

झालं! सगळा डाव त्याच्या डोळ्यांपुढं लख्ख उभा राहिला. साहेब स्वतः रोज गोळे कुरणात मारील, पण त्यानं काय होतं? शीव सरकायला पाटलाचा हात लागतो. म्हणून एवढे दिवस लोखंडी काठीनं हात बसवून घेतला, गोडी लावली, आणि आता लांबची काठी. पाय छावणीच्या मातीत, तोंड कुरणाकडे, आणि गोळा पडेल तिथं निशाण. बापाला घोडा दिला, पोराला काठी दिली.

त्यानं लाकडी काठी डोक्यावर नेली आणि लोखंडीनं मारावं तशी सरळ खाली आपटली. वाळू उडाली, गोळा चार हात घरंगळला. साहेबानं मान हलवली आणि पुन्हा ढेप केली. आश्रुबानं पुन्हा कुदळ मारली. मग साहेबानं जे केलं ते छावणीतल्या शिपायांनी तोंडात बोट घालून बघितलं. तो गुडघे टेकून खाली बसला, आणि आश्रुबाचा वहाणेतला धुळीचा पाय दोन्ही हातांनी धरून जागेवर सरकवून ठेवला. आश्रुबा मनात म्हणाला, ज्याला कुरण गिळायचं तो पायसुद्धा धरील.

त्यानंतर रोज असंच चाललं. जायचं बंद केलं तर साहेबाला कळेल आपण डाव ओळखला, म्हणून आश्रुबा जातच राहिला आणि वाकडं मारत राहिला. साहेब न कंटाळता दाखवत राहिला. कधी खांदा धरून, कधी मनगट सैल करून, कधी आपली टोपी गोळ्याच्या पुढं ठेवून, की टोपीवरून गोळा गेला पाहिजे. चिडला नाही. त्याचं न चिडणं आश्रुबाला सगळ्यात जास्त खुपायचं. फुकट एवढा जीव कोण टाकतं?

बरं, मुद्दाम चुकायचं म्हणजे बरोबर काय ते पक्कं माहीत पाहिजे. नाहीतर एखाद्या वेळी चुकून नीट बसायचा! म्हणून आश्रुबा सकाळी कडब्याच्या गंजीमागं जाऊन टोकाला जात्याच्या खुंट्यासारखं काहीतरी बांधलेली एक लांब काठी फिरवून बघायचा. डावी टाच, सैल हात, लांब फेरा. अंगाला तो फेरा गोड लागायला लागला होता, आणि याचीही त्याला भीती वाटत होती. छबुबाईनं एकदा बघितलं.

"तोंडावर इचारून का टाकीत न्हाई साहेबाला?" ती म्हणाली.

"इचारलं की माणूस सावध होतो."

"आन् डाव नसंल तर?"

"तर मग एवढा लाडानं शिकवतो कावून?"

छबुबाई शेण गोळा करता करता म्हणाली, "एकट्याला करमत नसंल बिचाऱ्याला." आश्रुबानं तिच्याकडेही संशयानं बघितलं.

इकडे गाव काही झोपलं नव्हतं. चावडीत कुजबूज सुरू झाली होती, आणि ती सुरू करणारा होता आश्रुबाचाच चुलतभाऊ गहिनीनाथ. पाटीलकीवर त्याचा डोळा होता हे खरं, पण त्याची जनावरंही त्याच कुरणात चरत होती हेही खरं. एका सकाळी त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "आश्रुबा, रोज रांग वलांडून जातोस. साहेब तुझं पाय धरतो म्हणं. कशाच्या बदल्यात?"

"मी त्याच्यावर नजर ठिवून हाय."

"तुझा बाप बी घोड्यावर बसून नजरच ठिवीत होता," गहिनीनाथ म्हणाला. "अर्धं त्यानं दिलं. उरलेलं तू काठीनं देणार. उचल बेलभंडार, घे देवाची आण, की तसं न्हाई."

कुणीतरी म्हणेल, अरे असं काय बोलतोस, म्हणून आश्रुबा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. कुणी बोललं नाही. आयुष्यभर त्यानं लोकांच्या हातांकडे बघितलं होतं, आज सगळं गाव त्याच्या हातांकडे बघत होतं. त्याला विलक्षण राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. बेलभंडार त्यानं उचलला नाही. तो म्हणाला, "ऐतवारी साहेबाचे पाव्हणे येणार हायत. कोण लांब मारतो त्याची शर्यत हाय. समदे या. माझ्या हातनं काय जातं ते डोळ्यांनी बघा."

शर्यतीच्या दिवशी दगडांच्या कडेनं सगळी खडकवाडी उभी राहिली. बायकासुद्धा आल्या. दूरच्या छावणीतून घोड्यांवर आलेले दोन पाहुणे साहेब मैदानात होते. त्यांनी आपापले टोले मारले, कुरणात दूर निशाणं रोवली गेली. हार्वीनं मारला, तो त्यांच्याहून पुढं गेला. गाव नुसतं बघत राहिलं. मग हार्वीनं ती लाकडी काठी आश्रुबाच्या हातात दिली, स्वतःच्या हातानं वाळूची ढेप केली आणि पाहुण्यांना काहीतरी म्हणाला. इब्राहिमनं सांगितलं, "साहेब म्हणतो, आज पाटील मला बी मागं टाकील."

आश्रुबा गोळ्यापाशी गेला. पाय ठेवल्यासारखं केलं. गहिनीनाथच्या चेहऱ्याकडे त्यानं एकदा बघितलं. मग तो वाकला, गोळा उचलला, वाळू मुठीत घेतली आणि काठी खांद्यावर टाकून चालायला लागला. दगडांची रांग ओलांडून तो कुरणात शिरला. इब्राहिम मागून ओरडला, "पाटील, तिकडं न्हाई, इकडून!" आश्रुबा थांबला नाही. गुरांच्या वाटेच्या कडेला त्यानं खाली बसून वाळूची ढेप केली, गोळा ठेवला आणि छावणीकडे तोंड करून उभा राहिला.

गावाला काय ते कळलं.

गोळा डाव्या टाचेसमोर. पाय फाकलेले, गावाच्या मातीत. हात सैल. इतके दिवस अंगात दाबून ठेवलेला तो फेरा त्यानं मोकळा सोडला. काठी मागून लांब वळून आली, मातीला शिवली नाही, आणि कुठं लागलं ते हातालासुद्धा कळलं नाही. गोळा रांगेवरून, साहेबांच्या टोप्यांवरून गेला, मैदान ओलांडून पार छावणीच्या अंगाला, जुनी रांग होती त्या तिथं जाऊन पडला.

गाव पेटल्यासारखं उठलं. हलगी कडाडली. ज्या गहिनीनाथनं बेलभंडार उचलायला सांगितलं होतं, तोच रांगेतला एक चुन्याचा दगड उपटून चौघांच्या मदतीनं पुढं न्यायला धावला. आणि त्या सगळ्या गलक्यातून हार्वी साहेब पळत पळत आश्रुबाकडे आला. त्याचं लाल तोंड आनंदानं फुललं होतं. त्यानं आश्रुबाचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले, हात न सोडताच खांद्यानं फेरा करून दाखवला, आणि मागं वळून पाहुण्यांना ओरडून सांगत राहिला. पाटलानं तोंड फिरवून मारला ही त्याला मोठी गंमत वाटली होती.

मग त्याला लोक दगड ओढताना दिसले. त्यानं इब्राहिमला विचारलं. इब्राहिम गावाकडून ऐकून आला आणि हळूहळू सांगायला लागला. गोफणीचं, घोड्याचं, मोजणीचं. आश्रुबा साहेबाच्या तोंडाकडे बघत होता, आता खरा रंग बाहेर येईल म्हणून. राग आला नाही. साहेबानं फक्त आश्रुबाचे हात सोडले.

"साहेब इचारतो," इब्राहिम म्हणाला, "येवढे दिवस तुमी जाणून वाकडं मारत होता का?"

या प्रश्नातही काही खोच आहे का, हे आश्रुबानं शोधून बघितलं. सापडली नाही. "व्हय," तो म्हणाला.

साहेबानं उपटलेल्या दगडाकडे बघितलं. मग बोलला, आणि इब्राहिमनं सांगितलं, "दगड नेताय तिथंच ऱ्हाऊ द्या म्हणतो. तुमच्या रिवाजानं गेलाय. इथली जमीन कवायतीला बी लागत न्हाई, मी तसं वर सांगून ठिवतो."

यानंतर साहेब आणखी एक वाक्य बोलला, खालच्या आवाजात. आश्रुबाच्या हातातली काठी त्यानं घेतली, बाकीच्या काठ्या स्वतःच पिशवीत भरल्या आणि पाहुण्यांसाठी न थांबता बंगल्याकडे चालता झाला.

"काय म्हणाला?"

"जाऊ द्या पाटील."

"सांग बे, काय म्हणाला? कंचा डाव हाय आता?"

इब्राहिमनं निशाण काठीला गुंडाळलं. "डाव न्हाई काई. म्हणाला, ह्या मुलखात एक माणूस आपला झाला, असं मला वाटत होतं."

जन्मात पहिल्यांदा आश्रुबा पाटलाला कुणाच्या बोलण्याचा संशय आला नाही. तो आला असता तर किती बरं झालं असतं! पलीकडून लोक हाका मारत होते, पाटलाचा हात लागल्याशिवाय दगड रोवता येत नव्हता. गहिनीनाथ स्वतः पहार धरून उभा होता आणि छबुबाई बायकांत उभी राहून हसत होती. आश्रुबा तिकडे गेला, वाकून दगडाला हात लावला, आणि लोकांनी त्याला खांद्यावर उचललं तेव्हा तो मान खाली घालून बसला.